सूफी म्हणजे मुसलमानांचे वारकरी का?

आपल्या कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याला गलेफ (मजारीवरची चादर) घालायला सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. मग सूफी म्हणजे मुसलमानांचे वारकरीच ना, आणि राजकारणापासून लांबच ना, असं बरेचदा विचारलं जातं. पहिल्याचं उत्तर अर्धं हो, दुसऱ्याचं सरळ नाही.

माळ घातली, वारी धरली की माणूस वारकरी झाला. सूफी तरीक्यात (साधनामार्गात) मुरीदानं, म्हणजे शिष्यानं, पीराच्या, म्हणजे गुरूच्या, हातावर बैअत (निष्ठेची शपथ) करायची, लायक ठरला तर पीर त्याला खिलाफत, म्हणजे पुढं शिष्य करायचा अधिकार, देतो, आणि ही गुरुपरंपरा, म्हणजे सिलसिला, थेट पैगंबरांपर्यंत नावानिशी सांगितली जाते. म्हणून मला तरी सूफींना वारकऱ्यांपेक्षा गुरुदीक्षेचा नाथपंथ जास्त जवळचा वाटतो. असे सिलसिले बरेच: कादिरी बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचे (मृत्यू ११६६), नक्शबंदी बुखाऱ्याचे, चिश्ती आपल्याकडं रुजवले ते अजमेरच्या मोइनुद्दीन यांनी.

आता राजकारण. दिल्लीचे चिश्ती संत निजामुद्दीन औलिया सुलतानाच्या दरबारापासून लांब राहिले. पण मुलतानचे, सुहरावर्दी सिलसिल्यातले बहाउद्दीन जकारिया दरबाराशी संबंध ठेवून होते आणि संपत्तीचं त्यांना वावडं नव्हतं. इराणात तर सफवी हा सिलसिलाच १५०१ मध्ये राजघराणं झाला. तुर्कस्तानात १९२५ मध्ये एका नक्शबंदी शेखानं बंड केलं आणि त्याच वर्षी मुस्तफा केमालनं सगळ्या सूफी पंथांचे मठ बंद करून टाकले. दख्खनमध्ये निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब खुलदाबादला आले. पुढं याच चिश्ती परंपरेतले बंदेनवाज गेसूदराज गुलबर्ग्यात फिरोजशहा बहमनीशी बिनसल्यावर त्याच्या भावाच्या, अहमदशहाच्या बाजूचे झाले. १४२२ मध्ये अहमदशहा गादीवर आला. साधू आणि सत्ता यांचं हे असं असतंय, कुठल्याही धर्मात.

मग घराघरात हे पोचलं कसं? माझं मत असं, की प्रवचनानं नाही, जात्यावर. विजापूरच्या चिश्ती पीरांच्या परंपरेत दखनी भाषेत (दख्खनच्या जुन्या उर्दूत) ‘चक्कीनामे’ रचले गेले. बायकांनी दळताना म्हणायची गाणी ती. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ (अरबीतलं पहिलं, उभ्या रेघेचं अक्षर), म्हणजे अल्लाह. मधला आस म्हणजे मुहम्मद. अवघड अरबी-फारसी तत्त्वज्ञान पहाटेच्या दळणात बसवलं! असाच चरख्यावर म्हणायचा चरखानामा. आपल्या जात्यावरच्या ओव्या शेजारी ठेवून वाचा, चाल ओळखीची वाटेल. विजापूर आपल्याला काही लांब नाही.

मराठीतही ही सरमिसळ झाली. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद कादिरी परंपरेतले, आणि लिहिलं मराठी ओवीत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसल्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून, असं परंपरा सांगते.

एक मात्र करू नका: मोहरमचे पंजे, खत्तलरात्र (मोहरमची मुख्य रात्र), तालमींच्या पंजांच्या भेटी हे सगळं ‘सूफी’ या एका पोत्यात भरू नका. मोहरम करबल्याच्या लढाईतल्या इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा. आपल्याकडं तो ज्या थाटात होतो त्याला तालमी आणि पेठा कारण आहेत, बैअत नव्हे.

आपल्या भागातला एखादा पीर कुठल्या सिलसिल्यातला हे हवं असेल तर मुजावरांना चमत्कार विचारू नका, शिजरा, म्हणजे गुरुपरंपरेची वंशावळ, विचारा. तो नसेल तर दर्ग्याच्या इनामाचे कागद बघा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन चौकशी करा, फक्त मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या.