पुण्याहून जोधपूरला बदली, आणि तळेगावचा फ्लॅट आत्ताच घ्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर फौजेत हवालदार आहेत, 17 वर्षं सर्व्हिस झाली, खडकीहून जोधपूरचं पोस्टिंग आलंय, क्वार्टर सोडायचं म्हणून तळेगावला 42 लाखांचा फ्लॅट बघितला, 51 हजार टोकन दिलं, आता एएफपीपी फंडातले (म्हणजे फौजींच्या पीएफमधले) 8 लाख काढून बाकी 34 लाखांचं लोन घ्यायचं का. माझं स्पष्ट मत सांगतो, या वर्षी नका घेऊ.

साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 29,500 बसतो. तुम्ही घरात येणारे 70 हजार धरलेत, 58 त्यांचे आणि 12 तुमच्या शाळेचे. पण ताई ते 12 हजार खडकीतच सुटणार ना, जोधपूरला ओळखी होऊन नवी शाळा मिळेपर्यंत एखादी टर्म सहज जाते. मग राहिले 58, त्यातून हप्ता गेला की 28 हजारांत चौघांचं भागवायचं, आणि क्वार्टरच्या वेटिंगमध्ये नंबर मागे असला तर बाहेर भाड्याने राहावं लागेल, तेव्हा एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता मिळेल पण डिपॉझिट आधी खिशातूनच द्यायचं.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हवालदाराची सर्व्हिस 24 वर्षांची, एक्स्टेन्शन मिळालं तर 26. म्हणजे 20 वर्षांच्या लोनमधली निदान 11 वर्षं पेन्शनवर फेडायची, जी शेवटच्या पगाराच्या निम्मी असते. बिल्डरकडचा लोनवाला हे कशाला सांगेल, त्याला आजची सॅलरी स्लिप दिसते. एएफपीपीवर आज 7.1 टक्के व्याज मिळतंय, तो पैसा तिथेच राहू दे, रिटायरमेंटला ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी) रक्कम येईल तेव्हा मुलं कुठे शिकतायत ते बघून घर घ्या, लोन अगदी छोटं लागेल.

आत्ता खरी गरज आहे ती हातात रोख असण्याची. बेसिक 37,000 आहे म्हणजे ट्रान्सफर ग्रँट, बदलीसाठी मिळणारी एकरकमी मदत, त्याच्या 80 टक्के, 29,600 रुपये. सामानाचं भाडं वेगळं मिळतं, मिस्टरांच्या पगाराच्या लेव्हल 5 ला 3,000 किलोपर्यंत, पण क्लेम पास होईपर्यंत ट्रकवाला थांबत नाही, म्हणून निघायच्या आधीच युनिटमधून टीए अ‍ॅडव्हान्स (प्रवासखर्चाची उचल) घ्या आणि सगळ्या पावत्या एका फाईलला लावा. मुलांचा शिक्षण भत्ता महिन्याला 2,812.50 प्रत्येकी आहे खरा, पण तो वर्ष संपल्यावर क्लेम करायचा असतो, आणि नव्या शाळेची फी, युनिफॉर्म, पुस्तकं पहिल्याच आठवड्यात लागतात. तुमच्या 2.2 लाखांच्या एफडीतले दीड लाख मोडून सेव्हिंगला ठेवा, जोधपूरला बस्तान बसेपर्यंत त्याला हात फक्त घरखर्चासाठी.

गाडी विकू नका. जुन्या गाडीलाही आता बीएच सीरिज नंबर घेता येतो, फौजी माणसाला तर सर्व्हिसच्या आयकार्डवर मिळतो, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि पुढची बदली कुठेही झाली तरी पुन्हा रजिस्ट्रेशनची कटकट नाही. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, त्याचं आरटीओत निघायच्या आधीच विचारून ठेवा, जोधपूरहून फोनवर ते काम होत नाही.

राहिलं टोकन. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं नसेल तर आजच बिल्डरला बुकिंग रद्द करतोय असा ईमेल करा, कारण म्हणून बदलीच्या ऑर्डरची तारीख लिहा. फोनवर "बघतो, करतो" म्हणतील त्यावर विसंबू नका. 51 हजारांतले थोडे कापायचं म्हणाले तर बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात अटी असतात त्यांचा फोटो मला पाठवा, मी वाचून सांगतो किती कापू शकतात ते.