पिठले, उसळ, भाकरी अशा साध्या शाकाहारी पदार्थांचे फोटो चांगले कसे काढावेत?

पिठले, मोडाची उसळ आणि नाचणीची भाकरी ताटात छान दिसतात, पण मोबाइलच्या फोटोत सगळेच तपकिरी होऊन बसते, तेव्हा नवा कॅमेरा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. या पदार्थांचे रूप रंगापेक्षा पोतात असते आणि पोत उठून दिसतो तो बाजूने येणाऱ्या उजेडात.

म्हणून स्वयंपाकघरातले दिवे बंद करून ताट खिडकीशी न्यावे आणि थेट ऊन येत असल्यास मध्ये पातळ पांढरा पडदा धरावा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले, की कॅमेऱ्याला दोन्हींचा रंग एकाच वेळी सांभाळता येत नाही आणि हळदीचा पिवळा हिरवट दिसू लागतो. उजेड बाजूने किंवा किंचित मागून आला, तर भाकरीचा सुटलेला पापुद्रा, तिच्यावरचे भाजल्याचे डाग आणि उसळीतला दाणा न् दाणा बारीक सावली टाकतो. समोरून पडणारा फ्लॅश नेमक्या याच सावल्या पुसून टाकतो. सावली फारच गडद वाटली, तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट उभा करावा. भाकरीसाठी मात्र मी तो काढून ठेवतो.

पालेभाजीच्या बाबतीत घाईच करावी. उष्णता आणि आंबटपणा यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि भाजी खाकी पडते, त्यामुळे पालक झाकण न ठेवता थोडाच वेळ शिजवावा आणि लिंबू फोटो झाल्यावरच पिळावे. उसळ ढवळताना मोड तुटतात, म्हणून मूठभर कडधान्य वेगळे वाफवून वरून पेरावे. पिठल्यावर निवताना साय धरते, तेव्हा ते सर्वांत शेवटी वाढावे.

पूर्ण ताटाचा फोटो बरोबर वरून घ्यावा, पण भाकरीच्या चळतीसाठी मोबाइल जवळजवळ तिच्या पातळीवर आणावा. फार जवळ गेल्यास वाटीचा आकार बिघडतो, त्यामुळे थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरावा. चकचकीत स्टीलमध्ये खिडकी आणि आपण स्वतःही दिसतो, तिथे मातीचे किंवा दगडी भांडे बरे. विकतच्या रंगीबेरंगी पार्श्वभूमी मला तरी पिठल्याखाली परक्या वाटतात. फिल्टर तर लावूच नयेत, कारण फोडणी किती तांबूस झाली हे वाचक फोटोवरूनच ठरवतात.