‘यस’ म्हटले आणि पाहुणे सुरमईची वाट पाहत बसले

प्रश्न : तारकर्लीला आमचा लहानसा होमस्टे आहे. जूनमध्ये आलेल्या परराज्यातील एका पाहुण्यांनी ‘डोन्ट यू हॅव सुरमई टुडे?’ असे विचारले. मासेमारीबंदीच्या काळामुळे ताजी सुरमई नव्हती, म्हणून मी ‘यस’ म्हटले. ते सुरमईच्या आशेने जेवायला बसले आणि ताट पाहून नाराज झाले. माझे काय चुकले?

उत्तर : आपण मराठीत विचार करून बरोबर उत्तर दिलेत, परंतु इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा झाला. ‘आज सुरमई नाही का?’ असे कोणी विचारले, तर आपण ‘हो, नाही’ किंवा मालवणीत ‘होय, आज नाय’ असे सहज म्हणतो. त्यातला ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला दुजोरा देतो, म्हणजे तुम्हाला वाटते आहे ते खरे आहे, असे सांगतो. इंग्रजीतील ‘यस’ आणि ‘नो’ मात्र समोरच्याच्या अंदाजाशी नव्हे, तर स्वतःच्या पुढे येणाऱ्या वाक्याशी बांधलेले असतात. वाक्य होकारार्थी असेल तर ‘यस, वी डू’ आणि नकारार्थी असेल तर ‘नो, वी डोन्ट’ असेच म्हणावे लागते, मग प्रश्न ‘डू यू हॅव’ असा सुरू झालेला असो किंवा ‘डोन्ट यू हॅव’ असा. ‘यस, वी डोन्ट’ ही जोडी प्रमाण इंग्रजीत बसत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रश्नातला नकार मनातल्या मनात काढून टाकावा आणि उरलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. ‘सुरमई आहे का?’ तर नाही, म्हणून ‘नो’. तरीही केवळ एका शब्दावर थांबू नये, असा माझा आग्रह आहे, कारण आपल्या देशातील अनेक पाहुणेही आपल्यासारखेच ‘यस’ वापरतात आणि त्यांनी आपल्या ‘नो’चा कोणता अर्थ घेतला, हे आपल्याला कळत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, हे बाहेरच्या पाहुण्यांना ठाऊक असतेच असे नाही. तेव्हा ‘नो, वी डोन्ट हॅव सुरमई टुडे’ असे पूर्ण वाक्य बोलून बंदीचे कारणही सांगावे.

अर्थात, मराठीतही प्रत्येक नकारार्थी प्रश्नाचे उत्तर असे दिले जात नाही. ‘चहा घेणार नाही का?’ हा प्रश्न नसून आग्रह असतो. त्यावर आपण ‘नको’ किंवा ‘घेईन की’ असेच म्हणतो, ‘हो, घेणार नाही’ असे म्हणत नाही. इंग्रजीलाही पूर्वी हा भेद जाणवत असे. त्या भाषेत एके काळी चार उत्तरे होती : साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’, आणि नकारार्थी प्रश्नाला ‘यस’ किंवा ‘नो’. बायबलचे इंग्रजीत भाषांतर करणारे विल्यम टिंडेल यांनी ‘ने’ हवे तेथे ‘नो’ लिहिले, म्हणून इंग्रज लेखक थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये त्यांच्यावर टीका केली होती. पुढे ‘ये’ आणि ‘ने’ रोजच्या वापरातून मागे पडले आणि उरलेल्या दोन शब्दांवर चौघांचे काम आले. फ्रेंचमध्ये नकारार्थी प्रश्न खोडून होकार देण्यासाठी ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’ हे वेगळे शब्द आजही वापरले जातात.

अशीच फसगत ‘माइंड’ या शब्दाने होते. ‘वुड यू माइंड इफ आय पार्क हिअर?’ याचा अर्थ ‘मी येथे गाडी लावली तर तुमची हरकत आहे का?’ असा होतो. पाहुण्याने आपल्या खळ्यात गाडी लावावी असे वाटत असेल, तर उत्तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’ असे द्यावे.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर आमचे मंडळ इंग्रजी फलक लावणार आहे. ‘स्विमिंग इज नो अलाउड’ योग्य की ‘नॉट अलाउड’?

उत्तर : ‘नॉट अलाउड’ योग्य. ‘नो’ सहसा नामाच्या आधी येतो, जसे ‘नो स्विमिंग’ किंवा ‘नो पार्किंग’. क्रियापदाचा नकार ‘नॉट’ करतो. मराठीत ‘नाही’ हा एकच शब्द दोन्ही कामे करत असल्यामुळे ही गल्लत होते.

आपण पाठवलेल्या मसुद्यातील दुसरी ओळ मला अधिक काळजीची वाटते : ‘ऑल पार्ट्स ऑफ धिस बीच आर नॉट सेफ’. किनाऱ्याचा काही भाग धोक्याचा आहे, असे आपल्याला सांगायचे आहे. पण या वाक्यातून संपूर्ण किनारा धोक्याचा आहे, असाही अर्थ निघतो. ‘सगळा किनारा सुरक्षित नाही’ या मराठी वाक्यातही हीच संदिग्धता आहे, म्हणून ती लिहिणाऱ्याला खटकत नाही. ‘नॉट’ वाक्याच्या सुरुवातीला नेऊन ‘नॉट ऑल पार्ट्स ऑफ धिस बीच आर सेफ’ असे लिहिले की संदिग्धता संपते. तरी व्याकरण सुधारल्याने पोहणाऱ्याला धोक्याची जागा कळत नाही. ज्या ठिकाणी ओढ आहे तेथेच खांब रोवून त्यावर ‘डू नॉट स्विम हिअर’ एवढेच ठळक अक्षरांत लिहावे आणि खाली मराठीतही तेच लिहावे.