‘क्रॉक ऑफ गोल्ड’चं काय करायचं?

प्रश्न असा आहे: आयरिश दंतकथांच्या अनुवादात ‘क्रॉक ऑफ गोल्ड’ला ‘सोन्याचं मडकं’ म्हणावं का? आणि त्या सोन्यावर पहारा देणाऱ्याला ‘राखणदार’ चालेल का?

मडकं नको, ‘हंडा’ घ्या. मूळ भांडं बहुधा मातीचं असतं हे खरं. पण ‘त्याला हंडा सापडला’ एवढं म्हटलं की आत मोहरा आहेत हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ‘खजिना’ राजाचा वाटतो. ‘ठेवा’ चपखल होता, पण तो बिचारा आता फक्त सांस्कृतिकच उरलाय.

‘राखणदार’ मात्र जपून. कोकणात, गोव्यात राखणदार म्हणजे गावाचा पाठीराखा. त्याला गाऱ्हाणं घालतात. आयरिश पहारेकऱ्याला गावाशी देणंघेणं नाही, तो त्या सोन्याला जखडलेला. कधी काळा बोका, कधी कुत्रा, कधी बैल. कधी माणूसच: ‘हे कोण राखेल?’ असं पुरणारे विचारतात, एखादा भोळा ‘मी’ म्हणतो, आणि त्यालाच मारून सोन्याशेजारी गाडतात. म्हणून ‘राखणीला ठेवलेला’ असं क्रियापदाने सांगा. याच कारणाने ‘गुप्तधन’ही इथे चालेल. आपल्याकडे बातम्यांमुळे त्या शब्दाला नरबळीचा वास आहे, आणि या कथांतही हंडा काढायला जीव द्यावा लागतो असं म्हणतात.

न विचारलेलं एक सांगतो, कारण खरी चूक तिथे होईल. हे सोनं बरेचदा ‘फोर्ट’मध्ये पुरलेलं असतं. त्याला ‘किल्ला’ केलंत की वाचक रायगडावर पोचला! तो फोर्ट म्हणजे मातीच्या गोल बांधाआडची जुनी शेतकरी वस्ती. आयरिशमध्ये लिस किंवा राथ. देशभर अशा 40,000हून जास्त आहेत. लोक त्या डेनांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, बांधल्या म्हणतात, प्रत्यक्षात बहुतेक आयरिशांच्याच. ‘लिस’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या. 1868 साली लिमरिक परगण्यात आर्डाजवळच्या अशाच एका लिसात बटाटे काढताना सोन्याने सजवलेला चांदीचा चषक खरोखर सापडला होता, तेव्हा या कथांना खतपाणी कमी नव्हतं. 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांकडून लोककथा लिहवून घेतल्या, त्यांतही दडवलेलं सोनं भरपूर आहे.

वाक्य साधारण असं बसेल: ‘डेनांनी लिसात हंडा पुरला नि राखणीला एक माणूस मारून ठेवला. तीन रात्री सलग स्वप्न पडलं म्हणून हा खणायला गेला, तर मागे वळून बघतो तो आपलंच घर पेटलेलं. धावत घरी आला, घर जसंच्या तसं. परत गेला तर खड्डासुद्धा नाही.’