डोळे मिटले की त्याला मी दिसत नाही

“लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता कळतंय, डोळे मिटले की ह्याला माझा चेहराच दिसत नाही. मग ह्याच्या मनात मी आहे तरी का?” नवऱ्याबरोबर माझ्याकडे आलेली ती चिडून विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा गोंधळलेला. “समोर आली की लगेच ओळखतो की! पण डोळे मिटले की नुसता अंधार. ‘डोळ्यांसमोर उभं राहिलं’ असं लोक बोलण्यापुरतं म्हणतात, असंच मला वाटायचं.”

असे लोक पूर्वीपासून आहेत. 1880 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हा काहींना चित्र असं दिसलंच नाही. त्यांत शास्त्रज्ञही होते. 2015 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला, म्हणजे मनात चित्र न उमटण्याला, ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. हा आजार नाही, आणि माया कमी असण्याशी याचा काही संबंध नाही.

एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. “आमच्या डोक्यात चालतं तेच इतकं वेगळं, तर आम्ही एकमेकांना कळणार कसे?” हीच काळजी सासू-सुना, बाप-लेकही माझ्याकडे घेऊन येतात.

मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि टॅनग्रामच्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनाचे तुकडे जोडून केलेल्या, आकृत्यांचे तेच पत्ते दोघांच्या हातात दिले. तिनं वर्णन करायचं, त्यानं पत्ता ओळखायचा. क्लार्क आणि विल्क्स-गिब्ज या मानसशास्त्रज्ञांचा 1986 चा प्रयोग याच धर्तीचा होता. तिथे बारा आकृत्या आणि सहा फेऱ्या होत्या. ती म्हणाली, “पदर घेतलेली बाई, जरा वाकलेली.” तो म्हणाला, “बाई कुठे आहे? वर तिरका चौकोन असलेला का?” “हो हो, तोच. खाली मोठा त्रिकोण.” पहिल्या फेरीत बरीच वादावादी झाली. पुढे ती नुसतं “वाकलेली” म्हणायची आणि तो बरोबर पत्ता उचलायचा. त्याला बाई शेवटपर्यंत दिसली नाही! चित्र एक व्हावं लागलं नाही. त्यानं उलट विचारलं, तिनं दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं, यावर काम झालं. घरात आपण नेमकं हेच टाळतो, “एवढंही कळत नाही?” म्हणून गप्प बसतो.

मग मी त्याला विचारलं, चेहरा दिसत नाही, तर तिची आठवण येते म्हणजे काय होतं? तो बराच वेळ थांबला. “फोनवर ती ‘ठेवते’ म्हणते आणि ठेवत नाही, आणखी काहीतरी सांगतेच. मी कामावर असलो की तेच आठवतं. डबा उघडला की लोणचं कडेला, पोळीला लागू नये म्हणून वाटीत. तेही तिचंच.”

ती म्हणाली, “हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस ते चेहऱ्याचं.”

सध्या त्यांच्याकडे स्वयंपाकघराचं काम निघालंय. नवा ओटा कसा दिसेल हे ती तोंडी सांगायची, तो “तुला हवं ते कर” म्हणायचा, आणि त्यावरून भांडण व्हायचं. आता ती जमिनीवर खडूनं मापं आखते. तो त्यात उभा राहतो आणि फ्रिजचं दार कुठे अडेल ते सांगतो.