तंबोरा पाठवताना

प्रश्न : लेकीचा तंबोरा नागपूरला पाठवायचाय. पार्सलवाला म्हणतो, गादीत गुंडाळा, पुरे. पुरेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो ताई. गादीने ओरखडे वाचतील, भोपळा नाही. वाळलेली साल ती, एका आपटीत तडकते. तारा सैल करा. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, निघाली की कापडात गुंडाळून वेगळी ठेवा. भोपळ्याभोवती जुनी, मऊ पडलेली सोलापुरी चादर. नवी कशाला वाया घालवता? दांडी भोपळ्याला जुळते तिथे खालून घट्ट आधार हवाच, मोडतं बहुधा तिथेच. पेटी लाकडी घ्या. हलवून बघा, आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. भाडं मात्र आकारमानावर लागतं : लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार, भागिले ५०००, येईल तेवढे किलो वजन, असा हिशेब बरेच जण लावतात. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी हवी तर लावा, माझा तिच्यावर भरवसा नाही.