डेलावेअर नदीपलीकडे तो परवाना चालत नाही

नमस्कार ताई. मोठ्या दिरांनी लावलेलं ग्रीन कार्ड इतक्या वर्षांनी हातात आलं आणि आता ॲलनटाउनला त्यांच्या मोटेलवर मदतीला जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. दीर पिस्तूल बाळगतात. पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढला की तुमचे यजमानही ते कमरेला लपवून शनिवार-रविवारी गाडीने न्यूजर्सीतल्या एडिसनच्या नातेवाइकांकडे जाऊ शकतील, असं दीर सांगतात. ते खरं का, हा तुमचा प्रश्न.

नाही, खरं नाही. फॉर्म आणि फी सरकारी साइटवर आहे, ते लिहीत बसत नाही. आमचंही घर त्याच भागात आहे आणि आमच्याही घरात पिस्तूल आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

ॲलनटाउनहून आय-७८ हायवेने निघालात की ईस्टनजवळ डेलावेअर नदीचा पूल लागतो. जाताना टोलसुद्धा नाही, टोल परतताना. एक पाटी दिसते, की आलं न्यूजर्सी. तिथे दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाहीत. शनीन ॲलन या फिलाडेल्फियाच्या बाईंना २०१३ मध्ये तिकडे पोलिसांनी रस्त्यात थांबवलं. जवळ पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी माफी दिली तेव्हा प्रकरण कायमचं मिटलं. त्या नागरिक होत्या. आपण ग्रीन कार्डवाले. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर हद्दपारीचं कलम लागू शकतं, आणि त्या कलमापासून गव्हर्नरची माफी वाचवत नाही. वकिलाने हे सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दीर १९८६च्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याचा हवाला देतील. तो कायदा आहे, पण राज्यातून पार जाणाऱ्यांसाठी. पिस्तूल रिकामं हवं, ते आणि गोळ्या डिकीत हव्यात. डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत, डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. शिवाय निघतो तिथे आणि पोचतो तिथे, दोन्हीकडे ते बाळगायची मुभा हवी. तुम्हाला तर न्यूजर्सीतच उतरायचंय! पार जाणाऱ्यालाही धोका असतोच. ग्रेग रेव्हेल नावाचे यूटाचे गृहस्थ २००५ मध्ये ॲलनटाउनलाच यायला निघाले होते. न्यूजर्सीतल्या नेवार्कला पुढचा प्रवास हुकला, रात्री बॅग घेऊन हॉटेलात राहिले आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल आहे असं सांगताच अटक झाली. अपील कोर्टाने २०१० मध्ये त्यांच्याविरुद्धच निकाल दिला. रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणून संरक्षण गेलं.

तुमचा भाचा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे म्हणता. त्याला गाडी देताना तर गोळ्यांचं खोकंही आत राहू देऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर व्हिसावरच्या माणसाला बंदूकही चालत नाही आणि गोळ्याही.

त्या परवान्यासाठी आम्ही केलेली धावपळ आठवली की अजून चिडचिड होते. ग्रीन कार्डावर यजमानांचं मधलं नाव पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. तेवढ्यावर तपासणी अडकली. सासऱ्यांचं नाव मुलाच्या नावात का, हे दर खिडकीवर नव्याने समजावायचं. आणि एवढं करून हाती येणारा कागद पुलापाशी संपतो.

शाळेचंही सांगते. फेडरल कायद्यात शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला परवाना धरतात तो शाळा ज्या राज्यात आहे, त्याच राज्याचा. पण मला सलतंय ते वेगळंच. मुलगा दुसरीत असताना वर्गात लॉकडाउन ड्रिल झालं, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याची तालीम. दिवे बंद, सगळी पोरं कोपऱ्यात चिडीचूप. बाबांकडे पण तसलंच आहे, असं तो बोलून गेला. मला बोलावून कपाटाची, कुलपाची चौकशी केली. ती करावीच, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला बरेच दिवस वेगळं बसवलं, आणि तुला भीती वाटली का रे, हे एकानेही विचारलं नाही. आता तो मोठा झालाय. मला मात्र तो कोपरा सुटत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. कामात दिवस जातो, होते सवय.

पिस्तूल मात्र माझ्याच होकाराने आलं. यजमान रात्रपाळीला, हायवेकाठचं घर, तान्हं बाळ आणि अंगणात कुणाची तरी गाडी येऊन थांबायची. त्या वेळी ते कपाटात आहे याचा आधार वाटायचा, आजही वाटतो. ड्रिलच्या दिवसापासून त्याच कपाटाकडे बघवत नाही. दोन्ही खरं आहे. यजमान म्हणतात, रस्त्यावर असतानाच त्याची जास्त गरज. यावर आमचं अजून एकमत नाही. एडिसनला निघताना ते पेटीत कुलूपबंद करून घरीच ठेवतो, एवढं ठरलंय. दीर ऐकणार नसतील तर त्यांना न्यूजर्सीतल्या वकिलाकडे न्या, आणि तोवर त्यांच्या गाडीतून तिकडे जाऊ नका.